पाणी उतरते तेव्हा: तापी खोऱ्यातील माशांची अंडी आणि पिल्ले

नदीचे पाणी उतरू लागले की मोठा मासा धारेच्या अंगाने डोहात निघून जातो. अंड्याला आणि आठ-दहा दिवसांच्या पिल्लाला ती सोय नसते. म्हणून एका रात्रीत पाणी हातभर खाली गेले, तर थोरल्या माशांचे फारसे बिघडत नाही. काठालगतची त्या वर्षीची वीण मात्र वाया जाऊ शकते.

या प्रश्नाचा सर्वाधिक अभ्यास झाला तो थंड देशांतल्या सॅमन माशावर. सॅमनची मादी नदीतळाच्या गोट्यांत शेपटीने खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वर पुन्हा गोटे लोटते. गार पाण्यात ही अंडी फुटायला काही महिने लागतात. एवढ्या काळात धरणातून येणारे पाणी घटले, तर खळगा उघडा पडतो. न फुटलेले अंडे ओलसर गोट्यांत पाण्यावाचून काही आठवडेही तग धरते. अंडे फुटले की मात्र पिल्लाच्या कल्ल्यांना वाहते पाणी लागते आणि ते नसेल तर ते काही तासांत मरते. अमेरिकेतील कोलंबिया नदीच्या व्हर्निटा बार या पट्ट्यात विणीच्या काळात पाणी किती ठेवायचे, यासाठी १९८८ मध्ये धरणचालकांना करार करावा लागला तो यामुळेच.

खानदेशात सॅमन नाही, पण पाणी उतरण्याचा जाच आहेच. मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर वाहणारी तापी आणि तिला मिळणाऱ्या वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर या नद्या पावसावर जगतात. उन्हाळ्यात त्यांतल्या बहुतेकींचे पात्र वाळूचे होते आणि मासे डोहांत कोंडतात. इथल्या माशांनी या चढउताराशी केव्हाच जमवून घेतले आहे. पहिला मोठा लोंढा आला की ते चढणीला लागतात, काठच्या उथळ पाण्यात, ओहोळांत, बुडालेल्या गवतात अंडी घालतात आणि सगळा कारभार घाईने उरकतात. रोहू, कटला, मृगळ या जलाशयांत सोडलेल्या माशांचे अंडे पाणी शोषून मोत्याएवढे फुगते आणि १४ ते १८ तासांत फुटते. किलोभर वजनाची रोहूची मादी दोन-तीन लाख अंडी देते, कारण त्यातली बरीचशी जाणारच हे निसर्गाने धरलेले असते.

अंड्यावरचे संकट असे काही तासांत टळते खरे, पण ते पिल्लाच्या वाट्याला येते. अंड्यातून निघालेले पिल्लू, म्हणजे जिरे, पहिले तीन दिवस पोटाशी असलेल्या बलकावर जगते. त्याला धड पोहता येत नाही. नंतरही ते उथळ, कोमट, गढूळ काठच धरून राहते, कारण खाद्य तिथे असते आणि मोठे मासे तिथे फिरकत नाहीत. पाणी झपाट्याने हटले की हीच सुरक्षित जागा मुख्य धारेपासून तुटते. गुराच्या खुराने उठलेला खड्डा, वाळू उपसलेली खाच, गाळाने अडलेला ओहोळ, कुठेही डबके उरते. पावसाने आठवडाभर उघडीप दिली तर ते डबके तापते. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो; ३५ अंशांना तो ७ च्या घरात येतो. त्यात शेवाळ असेल तर रात्रभर तेही प्राणवायू वापरते. म्हणून डबक्यातली पिल्ले पहाटे पाण्याच्या अगदी पृष्ठाशी येऊन तोंडे उघडमीट करताना दिसतात. दिवस उजाडला की बगळे आणि खंड्या उरलेले काम करतात, आणि काळ्या गाळाला भेगा पडल्या की हिशेब संपतो.

सगळ्या जातींना सारखा फटका बसत नाही. तापी-नर्मदेच्या महासीराची अंडी जड असतात. ती गोट्यांमध्ये तळाला बसतात, फुटायला तीन-चार दिवस घेतात आणि पिल्ले त्यापुढेही काही दिवस उजेड टाळून फटींत दडून राहतात. विणीच्या पद्धतीत सॅमनच्या जवळ जाणारा हाच मासा, आणि उतरत्या पाण्याला तोच जास्त बळी पडतो. शिंगाळ्याचा नर तळात खळगा करून अंडी राखतो; उन्हाळ्याअखेर जलाशय खाली जात असताना असे काठचे खळगे उघडे पडतात. सायप्रिनसची चिकट अंडी पाणवनस्पतीला लटकतात आणि वनस्पतीबरोबरच वाळतात. मरळ गवत बाजूला सारून उथळ पाण्यात घरटे करते आणि तांबूस पिल्लांचा घोळका सांभाळत फिरते, त्यामुळे तिची पिल्ले पाण्यामागे सरकण्याची शक्यता तरी असते. चिलापीची मादी अंडी तोंडातच धरते. पाणी हटले की ती अंड्यांसकट हटते. चिलापी इतकी का फोफावली, याचे हे एक कारण मानायला हरकत नाही.

पाणी कमी होणे हे मूळ दुखणे नव्हे. खरा घात होतो तो उतरण्याच्या वेगाने आणि वेळेने. नैसर्गिक पूर पाणलोट निथळेल तसा ओसरतो. दरवाजांचे तसे नसते. भुसावळजवळच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. विदर्भात किंवा मध्य प्रदेशात पाऊस झाला की ते उघडतात, आवक घटली की मिटतात आणि खालच्या पात्रातले पाणी काही तासांत खाली येते. त्याखाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे बॅरेज आहेत. गिरणेचे पाणी १९६९ मध्ये पूर्ण झालेल्या धरणातून आवर्तनाने सुटते: नदी काही दिवस वाहते आणि मग पुन्हा कोरडी पडते. त्यात उपशाने वाळू गेली, म्हणजे पाणी धरून ठेवणारा थरच गेला, आणि डोह लवकर आटू लागले. याउलट पांझरेवरचे फड पद्धतीच्या सामूहिक सिंचनाचे जुने बंधारे बुटके. पुरात पाणी त्यांच्यावरून वाहते आणि नदीची चढउताराची चाल फारशी मोडत नाही. मोठ्या धरणाला हे जमणे कठीण, पण दरवाजे एकदम न मिटता टप्प्याटप्प्याने मिटणे जमते. जलविद्युत असलेल्या काही देशांत पाणी तासाला किती सेंटिमीटर उतरू द्यायचे याची मर्यादा घातलेली असते, आणि त्यामुळे पिल्लांना काठ सोडायला वेळ मिळतो.

आपल्याकडचा रूढ उपाय म्हणजे मत्स्यबीज केंद्रातली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, धरणात सोडणे. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवले, तेव्हापासून रोहू-कटल्याचे बीज नदीच्या लहरीवर अवलंबून राहिले नाही. भोई आणि इतर मच्छीमारांच्या जाळ्यात आज येणारे बरेच मासे याच वाटेने आलेले असतात. वाम, शिंगाळा, महासीर यांचे बीज त्या प्रमाणात तयार होत नाही. त्यांची वीण अजूनही पात्रातच होते, आणि ऑगस्टमध्ये दरवाजे कसे मिटतात यावर त्यातली किती तगणार हे ठरते.