वाफसा नसलेलं शेत

(गुरुत्वाविना जगताना : भाग ५)

शेलूच्या शिवारात भातकापणी आटोपली की त्याच खाचरांत वाल, चवळी टाकतात. वरून पाणी नाही. उरलेल्या ओलीवर पीक काढायचं. मात्र घाई चालत नाही. चिखलात टाकलेलं बी कुजतं, जमीन टणक झाली की रुजत नाही. मधली नेमकी वेळ म्हणजे वाफसा : जास्तीचं पाणी खाली उतरलेलं, मातीत ओलही आणि हवाही.

अंतराळात पाणी ‘खाली’ उतरतच नाही.

३० डिसेंबर २०२४ च्या रात्री उडालेल्या पीएसएलव्ही-सी६० चा चौथा टप्पा इस्रोने काम झाल्यावर टाकून दिला नाही, त्याचीच प्रयोगशाळा केली. नाव पोएम-४. त्यावरच्या २४ उपकरणांपैकी एक म्हणजे विक्रम साराभाई अंतराळ केंद्राची बंद पेटी, आत चवळीचे आठ दाणे. चार दिवसांत मोड आले, पाठोपाठ पानंही. दुसऱ्या एका उपकरणात पालकाच्या पेशींचा गोळा होता. तो पाठवला अ‍ॅमिटी विद्यापीठाने, खालापूरकरांच्या शेजारच्या भाताणहून. द्रुतगती मार्गावरच्या बोगद्यामुळे ओळखीचं झालेलं तेच भाताण. तसाच गोळा जमिनीवरही वाढवून दोन्हींची तुलना करायची, अशी आखणी होती.

पोएम-४ साडेतीनशे किलोमीटर उंचीवर फिरत होतं. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं, हा समज शाळेपासून डोक्यात बसलेला. प्रत्यक्षात ते जमिनीवरच्या नव्वद टक्के असतं! यान आणि त्यातलं सगळं एकत्रच पडत राहतं, म्हणून वजन जाणवत नाही.

मग मुळाला दिशा कोण दाखवणार? मुळाच्या टोकावरच्या टोपीतल्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. ते ज्या बाजूला बसतात तिकडे मूळ वळतं. दाणा उलटा पडला तरी मूळ जमिनीतच शिरतं, ते यामुळे. कक्षेत हे कण बसत नाहीत. तरी रोप अगदीच भांबावत नाही. कोंब उजेड धरतो, मूळ ओलीचा माग काढतं.

खरा घोळ पाण्याचा. ते निथळत नाही, मुळांना वेढून बसतं आणि त्यांची हवा तोडतं. गरम हवाही आपोआप वर जात नाही, त्यामुळे पानांभोवतीचा दमटपणा पंख्यानेच हलवावा लागतो. २०१५ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरची झिनियाची रोपं अशीच पाण्याने बेजार झाली, पानांवर बुरशी चढली. अंतराळवीर स्कॉट केली यांनी मग ठरलेलं वेळापत्रक सोडून रोपांकडे बघून पाणी द्यायची मुभा मागून घेतली. काही रोपं गेली, पण जानेवारी २०१६ मध्ये उरलेल्यांना फुलं आली. वाफसा बघून पेरणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

शुभांशु शुक्ला यांनी २०२५ मध्ये स्थानकावर मोड आणलेल्या मूग-मेथीबद्दल पुढच्या आठवड्यात. तोवर वाचकांनी काचेच्या पेल्यात ओल्या टिपकागदाला चिकटवून चवळीचे दोन दाणे रुजवावेत आणि मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की पेला आडवा ठेवावा. दुसऱ्या दिवशी मुळाचं टोक खाली वळलेलं दिसेल.