फ्रेंच क्रियापद तोडायचं कुठं?

मंडळी, सुरुवात फ्रेंचपासून नको, एसटीपासून करू. सातारा सोडलं की आपण कंडक्टरला सांगतो, 'कराडला उतरतो.' लिहिताना अक्षरं चार : उ, त, र, तो. बोलताना तुकडे तीनच : उ-तर्-तो. आता 'उतरून' म्हणून बघा. उत्-रून, दोनच! धातू तोच, पण पुढे स्वर आला की मधला 'अ' गळतो आणि तोडायची जागा सरकते. विसरतो-विसरून, समजतो-समजून, सगळीकडे हेच. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. कानानं उचललेलं आहे.

फ्रेंचचं रोजचं बोलणंही असंच चालतं. 'आप्ले' म्हणजे हाक मारणे. 'तू'चं रूप आ-पेल. 'तुम्ही'चं रूप आ-प्ले. पुढे स्वर ऐकू आला, मधला गळाला.

मग आपली मुलं अडतात कुठं? अक्षर न् अक्षर वाचायच्या सवयीपाशी. बोलणे या क्रियापदाची मी, तू, तो आणि ते ही चारही रूपं कानाला एकच : पार्ल. 'ते'च्या रूपाला शेवटी ई-एन-टी लिहितात, उच्चारत नाहीत. 'पार्लेन्ट' वाचलं, वर्गात हशा झाला, की मूल पुन्हा तोंड उघडत नाही. चूक जिभेची नसते. डोळ्यांनी वाचल्याची असते.

आता जोड बघू. आपण 'करून आलो' भरभर म्हणताना क-रू-ना-लो म्हणतो; 'न' पुढच्या स्वराला चिकटतो. तसंच 'तो येतो' हे इ-ला-रीव, आणि 'ते येतात' हे इल्-झा-रीव. झ 'झरा'तला. पाहुणा एक की चार, हे इथं त्या एका 'झ'वर ठरतं! म्हणून ही जोड चुकवून चालत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी शेवटची मुकी अक्षरं पेन्सिलनं खोडा. मग सर्वनाम आणि क्रियापद एकत्र म्हणा. तुकडे सगळ्यांत शेवटी पाडा. शब्द सुटे धरून तोडलंत तर जोड हरवते.

एक सावधगिरी. अभंग गाताना आपला गळालेला 'अ' परत येतो ना? तसा फ्रेंच गाण्यांतही मुका स्वर पुष्कळदा ऐकू येतो. गाणं ऐकून गोंधळू नका, बोलणं ऐका. आणि घशातला 'र'? तो पुढच्या वेळी.