चार बोटांचा वाघ

"अरे ऊठ, उसात वाघ आलाय!"

मामांच्या या हाकेने माझी साखरझोप पार उडाली. गेल्या थंडीत मी सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यात, वारणाकाठी, मामांच्या मळ्यावर गेलो होतो. आम्हा पुणेकरांचा वाघ म्हणजे लहानपणी पेशवे पार्कात पिंजऱ्यात पाहिलेला! तरी भीत भीत बांधावर गेलो. पाटालगतच्या मातीत पंजे स्पष्ट उमटले होते.

मामांनी फोन केल्यावर वनखात्याचे गार्ड आले. वाकून त्यांनी एका ठशावर आपली चार बोटे आडवी धरली. ठसा बरोबर तेवढाच भरला.

"बिबट्या आहे," ते म्हणाले. "पट्टेरी वाघाचा पंजा चार बोटांत मावायचा नाही."

मग त्यांनी आमची शाळाच घेतली. बिबट्याचा ठसा साधारण ७-८ सेंटिमीटर रुंद, मोठ्या वाघाचा १२ च्याही पुढे. नर बिबट्या ६०-७० किलोंचा, तर नर वाघ २०० किलोंच्या घरातला. दोघेही चालताना नखे आत ओढून घेतात. ठशापुढे नखांचे टोचे दिसले, तर तो कुत्रा किंवा तरस समजावा. आणि चिखलात ठसा पसरतो, म्हणून मोजायचा तो घट्ट मातीवरचा!

गावाकडे दोघांनाही 'वाघ'च म्हणतात. सगळा घोटाळा तिथेच. पट्टेरी वाघाचे राज्य वर डोंगरात. साताऱ्याचे कोयना अभयारण्य आणि चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे वाघ इतके विरळ, की २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबाहून एक वाघीण मुद्दाम आणावी लागली. बिबट्याचे तसे नाही. दाट ऊस, पाटाचे पाणी, गावची कुत्री. त्याला आणखी काय हवे? मादी तर बाळंतपणालाही उसाचा फड निवडते.

"मग पिंजरा लावून दूर नेऊन सोडा ना!" मामी म्हणाली.

गार्डनी मान हलवली. जुन्नर भागात बिबटे पकडून दूर सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी न होता उलट वाढले, असे विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसून आले आहे. "त्यापेक्षा शेळ्या बंद गोठ्यात ठेवा, आणि अंधार पडल्यावर पोरांना एकटे सोडू नका."

दोनच दिवसांनी ऊसतोड सुरू झाली, आणि तोडकऱ्यांना सरीत दोन पिल्ले दिसली. मांजराएवढी! एका पोराने एक उचलून छातीशी धरलेही. मलाही, खरे सांगतो, फोटोचा मोह झाला. पण मामा कडाडले, "ठेव खाली! त्याची आय इथंच कुठंतरी हाय."

तोड थांबली. तोडकऱ्यांचा बुडालेला रोजगार मामांनी पदरचा दिला.

संध्याकाळी गार्डनी पिल्ले एका क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवली, शेजारी कॅमेरा बांधला. त्या रात्री घरात कोणाचाच डोळा लागला नाही. सकाळी क्रेट रिकामा! मादी दोनदा आली होती, आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन गेली होती.

बांधावर ताजे ठसे होते. मी आपली चार बोटे लावून पाहिली. तंतोतंत!

"बाळंतीण होती बिचारी," मामी हळूच म्हणाली. पिंजऱ्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही.