अतिवेगी मोटारचालन
अतिवेगी मोटारचालन : सार्वजनिक रस्त्यावर विहित वेगमर्यादा ओलांडून, किंवा मर्यादेच्या आत असतानाही रस्ता, रहदारी, हवामान व दृश्यता यांना न पेलणाऱ्या वेगाने, मोटारगाडी चालविणे. शक्तिशाली स्पोर्ट्स मोटारगाड्यांच्या बाबतीत या प्रश्नाला वेगळे परिमाण प्राप्त होते. अशा गाडीचे एंजिन, गतिरोधक (ब्रेक), टायर व सांगाडा हे घटक शर्यतीतील अनुभवावरून घडविलेले असतात आणि त्यांची वेगक्षमता कोणत्याही सर्वसाधारण रस्त्यावरील वैध वेगाच्या दुप्पट-तिपटीने अधिक असते. शर्यतीच्या धावपट्टीवर मात्र वाहतूक एकाच दिशेने चालते, वळणे चालकाच्या परिचयाची असतात आणि तेथे उतरलेल्या प्रत्येकाने धोका जाणून स्वीकारलेला असतो. सार्वजनिक रस्त्यावर यांपैकी एकही गोष्ट नसते. तेथे पादचारी, सायकलस्वार, बैलगाड्या आणि मुले असतात व त्यांची संमती कोणी घेतलेली नसते. अतिवेगी चालनाच्या प्रश्नाचे मर्म या फरकात आहे.

भौतिकीय स्वरूप : गतिमान वस्तूची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेग दुप्पट झाल्यास ऊर्जा चौपट व चौपट झाल्यास सोळापट होते. ताशी ५० किमी. वेगाने जाणारी गाडी स्थिर अडथळ्यावर आदळली, तर होणारा आघात सु. १० मी. उंचीवरून खाली पडण्याइतका असतो. ताशी १०० किमी. वेगास ही उंची सु. ३९ मी. आणि ताशी २०० किमी. वेगास सु. १५७ मी. होते. सुरक्षा पट्टे, हवेच्या पिशव्या व चुरगळून ऊर्जा शोषणारा पुढील भाग यांची परिणामकारकता एका मर्यादेपर्यंतच असते.

गाडी थांबण्यास लागणाऱ्या अंतराचे दोन भाग असतात. धोका दिसल्यापासून गतिरोधक दाबेपर्यंत गाडी जे अंतर कापते, ते प्रतिक्रियेचे अंतर होय. त्यानंतर गाडी पूर्ण थांबेपर्यंतचे अंतर हे गतिरोधनाचे अंतर होय. प्रतिक्रियेस एक सेकंद लागतो व कोरड्या, चांगल्या रस्त्यावर वेग दर सेकंदाला ७ मी./से. याप्रमाणे कमी होतो असे धरल्यास, ताशी ५० किमी. वेगास एकूण अंतर सु. २८ मी., १०० किमी. वेगास सु. ८३ मी. आणि २०० किमी. वेगास सु. २७६ मी. येते. पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर हे आकडे पुष्कळच वाढतात. दिव्यांच्या मंद झोतात पुढचे सु. ५० ते ६० मी. एवढेच दिसते, हे लक्षात घेतल्यास रात्री ताशी १०० किमी. वेगही चालकाच्या दृष्टीच्या पलीकडे जातो, हे स्पष्ट होईल. उत्तम गतिरोधकांमुळे दुसरा भाग काहीसा आखूड होतो. पहिला भाग मानवी मज्जासंस्थेवर अवलंबून असल्याने गाडीच्या किंमतीनुसार त्यात बदल होत नाही.

वळणावर गाडीला रस्त्यावर धरून ठेवणारी प्रेरणा टायर व रस्ता यांतील घर्षणातून मिळते. १०० मी. त्रिज्येच्या सपाट वळणावर घर्षण गुणांक ०·७ असल्यास गाडी ताशी सु. ९४ किमी. वेगापर्यंतच वळू शकते. त्यापुढे कोणतेही कौशल्य उपयोगी पडत नाही आणि गाडी सरळ रेषेत बाहेर फेकली जाते. वाळू, सांडलेले तेल किंवा पाणी यांमुळे ही मर्यादा चालकाच्या नकळत खाली येते.

अन्य रस्ताधारकांचा अंदाज : अतिवेगाच्या अपघातांची चर्चा करताना चालकाच्या कौशल्याचा विचार बहुधा प्रथम केला जातो, परंतु वेगाने येणाऱ्या गाडीसंबंधी इतरांनी बांधलेला अंदाज तितकाच निर्णायक असतो. रस्ता ओलांडणारा माणूस येणाऱ्या गाडीच्या वेगापेक्षा तिच्या अंतरावर अधिक भिस्त ठेवतो. १० मी. रुंदीचा रस्ता ओलांडण्यास साधारण चालीने आठ सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. १५० मी. अंतरावरील गाडी ताशी ६० किमी. वेगाने येत असेल, तर ती पोहोचण्यास नऊ सेकंद लागतात व तो माणूस सुखरूप पलीकडे जातो. तीच गाडी ताशी १८० किमी. वेगाने येत असेल, तर त्याला तीनच सेकंद मिळतात. त्याने नेहमीची सावधगिरी बाळगलेली असते, तरीही तो रस्त्याच्या मध्यावर सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ताशी ५० किमी. वेगाच्या गाडीची धडक बसल्यास प्रौढ पादचारी मृत्यू पावण्याची शक्यता २० टक्क्यांहून कमी, तर ८० किमी. वेगास ती जवळजवळ ६० टक्के असते. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तर प्राणघातक अपघातांचा धोका सु. चार टक्क्यांनी वाढतो, असेही या संघटनेने नमूद केले आहे.

अमेरिकन चित्रपट अभिनेता जेम्स डीन याचा ३० सप्टेंबर १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील शोलेमजवळ झालेला अपघात या दृष्टीने उल्लेखनीय आहे. तो ‘पोर्श ५५० स्पायडर’ ही बसकी, हलकी गाडी चालवीत असताना समोरून आलेली मोटारगाडी वळण घेण्यासाठी त्याच्या मार्गात आली व टक्कर झाली. अपघातसमयी डीनच्या गाडीचा वेग किती होता, याविषयी मतभेद आहेत. मात्र त्याच दिवशी दुपारी वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल पोलिसांनी त्याच्यावर कारवाई केली होती.

ऐतिहासिक आढावा : मोटारगाड्यांच्या आरंभीच्या शर्यती सार्वजनिक रस्त्यांवरच होत. १८९५ मधील पॅरिस-बॉर्दो-पॅरिस शर्यतीत एमील लव्हासॉर याने सु. १,१७८ किमी. अंतर ताशी सरासरी २४ किमी. वेगाने कापले. आठच वर्षांनी, १९०३ मध्ये, पॅरिस-माद्रिद शर्यतीतील गाड्या ताशी १०० किमी.हून अधिक वेगाने धावत होत्या. धुळीने भरलेल्या व प्रेक्षकांनी वेढलेल्या त्या रस्त्यांवर मार्सेल रनो याच्यासह अनेकांना प्राण गमवावे लागल्याने ही शर्यत बॉर्दो येथेच थांबविण्यात आली. इंग्लंडमध्ये रस्त्यावरील शर्यतींस वाव नसल्यामुळे १९०७ मध्ये ब्रुकलंड्झ येथे मोटार शर्यतींसाठी खास धावपट्टी बांधण्यात आली. इटलीत मात्र ब्रेशा ते रोम व परत अशी सु. १,६०० किमी. लांबीची ‘मिल्ले मील्या’ ही शर्यत १९२७ पासून सार्वजनिक रस्त्यांवर होत असे. १९५५ मध्ये स्टर्लिंग मॉस याने ती ताशी सरासरी १५७ किमी.हून अधिक वेगाने जिंकली. १२ मे १९५७ रोजी ग्विदित्सोलो गावाजवळ एका फेरारी गाडीचा टायर फुटून चालक, सहचालक आणि पाच मुलांसह नऊ प्रेक्षक ठार झाले. त्यानंतर ही शर्यत मूळ स्वरूपात पुन्हा भरली नाही. शर्यती अशा रीतीने बंदिस्त धावपट्ट्यांवर गेल्या; परंतु त्यांसाठी विकसित झालेले तंत्र रस्त्यावरील गाड्यांत उतरतच राहिले. १९४८ मधील ‘जॅग्वार एक्सके १२०’ गाडीची शक्ती १६० अश्वशक्ती होती. २००५ मध्ये विक्रीस आलेल्या ‘बुगाटी व्हेरॉन’ गाडीची शक्ती १,००१ अश्वशक्ती व कमाल वेग ताशी ४०० किमी.हून अधिक होता. विद्युत् चलित्रावर चालणाऱ्या काही गाड्या तीन सेकंदांहून कमी वेळात ताशी १०० किमी. वेग गाठतात व तोही जवळजवळ निःशब्दपणे; त्यामुळे एंजिनाच्या आवाजातून मिळणारी पूर्वसूचनाही लोप पावली आहे.

वेगमर्यादा : ब्रिटनमध्ये १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनांस गावात ताशी २ मैल व गावाबाहेर ४ मैल अशी मर्यादा घालून वाहनापुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालविण्याची सक्ती केली होती. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यात ताशी सु. ८ मैल वेगाने गाडी हाकल्याबद्दल वॉल्टर आर्नल्ड याला एक शिलिंग दंड झाला. अतिवेगाबद्दल झालेल्या आद्य शिक्षांत तिची गणना होते. १९०३ मध्ये ताशी २० मैल ही मर्यादा ठरली. १९३० मध्ये मोटारींवरील मर्यादा काढून टाकण्यात आली व १९३५ मध्ये वस्तीच्या भागांसाठी ताशी ३० मैल ही मर्यादा आली. १९५९ मध्ये खुल्या झालेल्या ‘एम १’ या द्रुतगती मार्गावर आरंभी मर्यादा नव्हती. जून १९६४ मध्ये ‘ए सी कोब्रा’ या गाडीची चाचणी पहाटे त्याच मार्गावर ताशी सु. १८५ मैल (सु. २९८ किमी.) वेगाने घेण्यात आली आणि वृत्तपत्रांतून तिची मोठी चर्चा झाली. डिसेंबर १९६५ मध्ये ताशी ७० मैल ही मर्यादा प्रायोगिक तत्त्वावर लागू झाली व १९६७ मध्ये ती कायम करण्यात आली. या मर्यादेचे श्रेय बहुधा कोब्राच्या चाचणीस दिले जाते. तिचे निकटचे कारण मात्र १९६५ च्या हिवाळ्यात धुक्यात झालेले साखळी अपघात हे होते.

अ. सं. सं.त १९७४ मध्ये खनिज तेलाच्या टंचाईमुळे ताशी ५५ मैल ही राष्ट्रीय मर्यादा आली. १९९५ मध्ये ती रद्द होऊन हा अधिकार घटक राज्यांकडे परत गेला. प. जर्मनीने १९५० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी सर्व वेगमर्यादा उठविल्या होत्या. परंतु अपघात वाढल्याने १९५७ मध्ये गावांत ताशी ५० किमी. व १९७२ मध्ये गावांबाहेरील साध्या रस्त्यांवर १०० किमी. अशी मर्यादा घालण्यात आली. ‘आउटोबान’ या द्रुतगती मार्गांच्या मोठ्या भागावर अद्यापि सक्तीची मर्यादा नाही. तेथे ताशी १३० किमी. हा वेग शिफारस म्हणून सांगितला जातो. हा वेग ओलांडणाऱ्यास अपघातानंतरच्या नुकसानभरपाईत जबाबदारीचा वाटा उचलावा लागू शकतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९९२ मध्ये दिला. २०२१ मध्ये याच मार्गावर एका धनिकाने ‘बुगाटी शिराँ’ गाडी ताशी ४१७ किमी. वेगाने चालविली. सरकारी अभियोक्त्यांनी पुढील वर्षी या प्रकरणाची चौकशी बंद केली.

शिक्षेचे स्वरूप : ठराविक रकमेचा दंड हा अतिवेगावरील जुना उपाय होय. मोलमजुरी करणाऱ्यास जो दंड जड वाटतो, तो कोट्यवधी रुपयांची गाडी बाळगणाऱ्यास पथकराइतका किरकोळ वाटतो. ही विषमता दूर करण्याचे विविध प्रयत्न झाले आहेत. फिनलंडमध्ये गंभीर उल्लंघनास उत्पन्नाच्या प्रमाणात दंड आकारतात; २०२३ मध्ये तेथील एका उद्योजकास ताशी ५० किमी. मर्यादेच्या पट्ट्यात ८२ किमी. वेगाबद्दल १,२१,००० यूरो दंड झाला. स्वित्झर्लंडने २०१३ पासून बेफाम वेगास कारावासाची व गाडी जप्तीची तरतूद केली. डेन्मार्कने २०२१ मध्ये अशी गाडी, ती कोणाच्याही मालकीची असली तरी, जप्त करून विकण्याचा कायदा केला. त्याच वर्षी जर्मनीत नुकतीच विकत घेऊन नॉर्वेकडे नेली जात असलेली एक लांबोर्गिनी गाडी ताशी २३६ किमी. वेगाबद्दल तेथे जप्त झाली. ऑस्ट्रियानेही २०२४ मध्ये जप्तीचा मार्ग अवलंबिला. बर्लिन शहरात २०१६ मध्ये दोन शक्तिशाली गाड्यांच्या बेकायदा शर्यतीत तिसऱ्या गाडीचा चालक ठार झाला. त्यानंतर जर्मनीत अशा शर्यती २०१७ पासून फौजदारी गुन्हा ठरल्या. या प्रकरणातील एका चालकाची खुनाबद्दलची शिक्षा २०२० मध्ये कायम झाली.

भारत : मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये वेगमर्यादा, धोकादायक चालन व रस्त्यावरील शर्यती यांविषयी स्वतंत्र कलमे आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनुसार हलक्या मोटार वाहनास अतिवेगाबद्दल १,००० ते २,००० रु. दंड आहे. शर्यतीच्या पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रु.पर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. अल्पवयीन चालकाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रु. दंड, तसेच वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द करणे अशी तरतूद आहे. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि त्यांपैकी सु. ७१ टक्के मृत्यूंची नोंद अतिवेग या कारणाखाली झाली. या नोंदी सर्व प्रकारच्या वाहनांच्या असून त्यांत स्पोर्ट्स मोटारींचा वाटा अल्पच असणार. तथापि कायद्यापुढील समानतेची कसोटी अशाच गाड्यांच्या अपघातांत लागते.

मुंबईत वांद्रे येथील कार्टर रस्त्यावर १२ नोव्हेंबर २००६ रोजी एक भरधाव मोटारगाडी रस्त्याकडेला झोपलेल्या मजुरांच्या अंगावर जाऊन सात जण ठार झाले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाचे कलम लावून सौम्य शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयाने हा सदोष मनुष्यवध मानून तीन वर्षांची शिक्षा दिली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुणे येथील कल्याणीनगर भागात १९ मे २०२४ रोजी पहाटे, कायम नोंदणी न झालेल्या ‘पोर्श टायकान’ या विद्युत् स्पोर्ट्स मोटारगाडीने दिलेल्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंते मृत्यू पावले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांचे म्हणणे होते. ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह त्यास मिळालेल्या जामिनामुळे जनक्षोभ उसळला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांनाही अटक झाली. अपघातातील वेगाइतकाच त्यानंतरच्या तपासाच्या सचोटीचा प्रश्न या घटनेने पुढे आणला.

प्रतिबंधक उपाय : गाडीतच वेग रोखणारी योजना बसविणे, हा एक उपाय होय. काही जर्मन उत्पादकांनी १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या बहुतेक गाड्यांचा कमाल वेग ताशी २५० किमी.पर्यंत मर्यादित ठेवला. मात्र ही मर्यादाही वैध वेगांच्या फार वर आहे. यूरोपीय संघात जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारगाड्यांत वेगमर्यादा ओळखून चालकास इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे. चालकाला ती निष्प्रभ करता येते. ठराविक अंतरातील सरासरी वेग मोजणारे कॅमेरे, वस्तीतील रस्त्यांची अरुंद व वळणदार आखणी, उंचवटे आणि वेगाची हौस असणाऱ्यांसाठी बंदिस्त धावपट्ट्या हे अन्य उपाय होत. वीस किमी.च्या प्रवासात ताशी ६० ऐवजी ८० किमी. वेगाने गेल्यास पाच मिनिटे वाचतात व त्याच वेळी गतिज ऊर्जा पाऊणपटीहून अधिक वाढते. गाडीची क्षमता गेल्या शतकात अनेक पटींनी वाढली आहे. माणसाचा प्रतिक्रिया काल व शरीराची आघात सोसण्याची शक्ती मात्र होती तेवढीच राहिली आहे. सार्वजनिक रस्त्यावरील वेगमर्यादा त्यामुळे गाडीच्या सामर्थ्यावरून न ठरविता रस्त्यावरील सर्वांत दुर्बल व्यक्तीच्या सुरक्षिततेवरून ठरविणे आवश्यक ठरते.