कसूर कोणाची? : वापरसुलभतेच्या शास्त्राचा एक आढावा

एखादे यंत्र हाताळताना माणसाची चूक झाली म्हणजे ती त्याच्या अज्ञानाच्या, निष्काळजीपणाच्या किंवा वार्धक्याच्या खाती मांडून मोकळे व्हावे, हा जगाचा जुना रिवाज आहे. आणि चूक करणारा मनुष्यही हा निवाडा बहुधा निमूटपणे मान्य करतो. ‘युजेबिलिटी टेस्टिंग’ म्हणजे वापरसुलभतेची चाचणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शास्त्राने या रिवाजाविरुद्ध गेली ऐंशी वर्षे एकच फिर्याद चालवली आहे : अनेक माणसे एकाच ठिकाणी एकच चूक करीत असतील, तर प्रथम यंत्राच्या रचनेची झडती घेतली पाहिजे, माणसाची नव्हे. रेल्वेच्या तिकिटापासून सातबाराच्या उताऱ्यापर्यंतचे व्यवहार संगणकाच्या पडद्यावरून होऊ लागल्यापासून हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही. म्हणून या शास्त्राची जडणघडण, पद्धती आणि मर्यादा यांची शहानिशा करणे अगत्याचे आहे.

या विचाराचा उगम संगणकात नसून दुसऱ्या महायुद्धातील विमानांत आहे. अमेरिकेची बी-१७ ही बॉम्बफेकी विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरल्यानंतर पंखांचे फ्लॅप म्हणजे झडपा मिटवण्याऐवजी वैमानिक चाकेच आत ओढून घेत आणि विमान पोटावर आपटे, असे अपघात वारंवार घडू लागले, तेव्हा दप्तरात त्यांची नोंद ‘वैमानिकाची चूक’ अशी होत असे. राइट फील्ड या अमेरिकी लष्करी विमानकेंद्रातील तरुण मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चॅपॅनिस यांनी १९४३ च्या सुमारास या प्रकरणाचा तपास केला, तेव्हा त्यांना आढळले की चाकांचा आणि फ्लॅपचा असे दोन्ही खटके शेजारी शेजारी व एकसारखे होते, आणि सी-४७ विमानात जेथे त्यांची मांडणी निराळी होती, तेथे हा अपघात होत नव्हता. त्यांनी चाकांच्या खटक्यावर रबराचे लहानसे चाक बसवले, फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीच्या आकाराचा तुकडा बसवला, आणि जी चूक शिस्तीच्या हुकुमांनी थांबली नसती, ती बोटांना होणाऱ्या स्पर्शाने थांबवली. युद्धानंतर १९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या म्हणवल्या जाणाऱ्या ४६० चुकांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास चुका एका खटक्याऐवजी दुसरा खटका हाती लागल्याच्या होत्या.

ही तपासाची वृत्ती युद्धाबरोबर संपली नाही. बेल प्रयोगशाळेत जॉन कार्लिन यांच्या नेतृत्वाखालील मानसशास्त्रज्ञांनी दूरध्वनीच्या बटनांच्या अनेक मांडण्या माणसांच्या हाती देऊन त्यांचा वेग, चुका आणि पसंती यांचे मोजमाप केले, आणि त्यातूनच १९६३ साली बाजारात आलेल्या बटनांच्या दूरध्वनीवरील एक, दोन, तीन हे अंक वरच्या ओळीत असलेली ती मांडणी सिद्ध झाली, जी आज आपल्या हातातील मोबाइलवरही आहे. माउसचे जनक डग्लस एंगेलबार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते साधन प्रकाशलेखणी, जॉयस्टिक आणि गुडघ्याने चालवायच्या दांडीशी ताडून पाहिले व त्याचे निष्कर्ष १९६७ मध्ये मांडले. पुढे १९७८ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात स्टुअर्ट कार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की माउसने लक्ष्य गाठण्यास लागणारा वेळ हा त्याच फिट्स यांनी १९५४ साली मांडलेल्या नियमाला धरून असतो, म्हणजे लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका वेळ अधिक. पडद्यावरील बटन किती मोठे असावे, हा प्रश्न अशा रीतीने अभिरुचीच्या प्रांतातून मोजमापाच्या प्रांतात आला.

तथापि मोजमाप हा या शास्त्राचा केवळ अर्धा भाग होय. उरलेला अर्धा भाग म्हणजे रचनाकाराने आपला अहंकार बाजूला ठेवून दुसऱ्याची साक्ष ऐकणे. ॲपल कंपनीचा ‘लिसा’ संगणक १९८३ साली बाजारात येण्यापूर्वी त्याच्या चाचण्यांत असे दिसले की, ‘डू इट’ असे लिहिलेल्या बटनाशी लोक अडखळत आहेत. पडद्यावरील अक्षरवळणामुळे ते शब्द त्यांना ‘डोल्ट’, म्हणजे मूर्ख, असे वाचता येत होते. तेथे ‘ओके’ हे शब्दचिन्ह आले आणि आज जगभर तेच रूढ आहे. ज्यांनी तो मजकूर लिहिला, त्यांना तो शंभर वेळा वाचूनही ही अडचण दिसली नसती, कारण त्यांना त्याचा अर्थ अगोदरच ठाऊक होता.

या वृत्तीला सिद्धान्ताचे रूप दिले ते आयबीएममधील जॉन गूल्ड आणि क्लेटन लुईस यांनी. १९८५ च्या निबंधात त्यांनी तीन तत्त्वे सांगितली : वापरणारे कोण आणि त्यांचे काम काय, याकडे आरंभापासून लक्ष द्यावे, प्रत्यक्ष वापराचे निरीक्षण व मापन करावे, आणि दोष आढळताच रचना बदलून पुन्हा तपासावी. ही तत्त्वे ऐकणाऱ्यास इतकी स्वयंसिद्ध वाटतात की त्यांत नवे काय, असा प्रश्न पडावा. परंतु या दोघांनी चारशेंहून अधिक रचनाकार व विकसकांना आपापल्या कार्यपद्धतीचे टप्पे लिहावयास सांगितले, तेव्हा तिन्ही तत्त्वांचा उल्लेख करणारे थोडेच निघाले. जे सर्वांना पटते ते फारसे कोणी आचरत नाही, हा या क्षेत्रातील आजतागायतचा अनुभव आहे.

हा निबंध प्रसिद्ध होण्याच्या आदल्याच वर्षी गूल्ड यांनी आपल्या तत्त्वांची कसोटी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घेतली. खेळाडूंना आप्तांचे ध्वनिसंदेश मिळावेत व पाठवता यावेत, अशी बारा भाषांतील यंत्रणा उभारावयाची होती, आणि प्रत्यक्ष स्पर्धेच्या दिवशी ती बिघडली तर साऱ्या जगासमोर नाचक्की होणार होती. म्हणून संगणकाची आज्ञावली लिहिण्याआधी त्यांनी वापराची पुस्तिकाच लिहून लोकांना वाचावयास दिली, आणि यंत्राची पोकळ प्रतिकृती आपल्या इमारतीच्या दालनात उभी करून येणाऱ्याजाणाऱ्याचे शेरे गोळा केले. कागदावरचा दोष खोडण्यास खडूपेन्सिल पुरते, आणि तोच दोष यंत्रात उतरल्यावर महिने जातात, हे व्यावहारिक शहाणपण त्यांनी त्या दालनात सिद्ध केले.

चाचणीची पद्धती वरकरणी अगदी साधी आहे. ज्या वर्गासाठी यंत्र केले, त्या वर्गातील एका माणसाला बोलवावे. ‘आम्ही यंत्राची परीक्षा घेत आहोत, तुमची नव्हे’ असे त्याला प्रथमच स्पष्ट सांगावे. एखादे खरेखुरे काम द्यावे. आणि ते करताना मनात येईल ते मोठ्याने बोलत राहण्याची विनंती करावी. यानंतर निरीक्षकाचे सर्वांत कठीण कर्तव्य सुरू होते : ते म्हणजे गप्प बसणे. माणूस चुकीच्या बटनाकडे जात आहे, उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर आहे, आणि तरीही सुचवायचे नाही, कारण घरी किंवा कचेरीत त्याच्या शेजारी कोणी सुचवणारा असणार नाही. काम पुरे झाले की नाही, वेळ किती लागला, चुका कोठे झाल्या, याची नोंद होते. आणि १९९८ च्या आंतरराष्ट्रीय मानकानेही परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान या तीन अंगांनीच वापरसुलभतेची व्याख्या केली आहे, तीही विशिष्ट माणसे, विशिष्ट उद्दिष्ट आणि विशिष्ट परिस्थिती यांच्या संदर्भात.

माणसे किती बोलवावीत, यावर मोठा वाद झाला. जेकब नील्सन आणि टॉमस लँडावर यांनी १९९३ साली मांडलेल्या गणितानुसार एक माणूस सरासरी ३१ टक्के दोष उघड करतो, आणि पाच माणसांत सुमारे ८५ टक्के दोष हाती लागतात. म्हणून पंधरा माणसांची एकच मोठी चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच माणसांच्या तीन चाचण्या घेऊन मधल्या काळात दुरुस्ती करावी, असा सल्ला नील्सन देतात. हा सल्ला काटकसरीचा आहे, पण तो सरसकट लागू नाही. शेतकरी, विद्यार्थी आणि वृद्ध निवृत्तिवेतनधारक असे भिन्न वर्ग एकच सेवा वापरणार असतील, तर प्रत्येक वर्गाची जबानी स्वतंत्र घेतली पाहिजे.

जबानी खरी कशी मिळवावी, हा याहून नाजूक प्रश्न. बेंगळुरूमध्ये झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निकोला डेल व सहकाऱ्यांना आढळले की, दोन वस्तू तंतोतंत सारख्या असल्या तरी समोरच्या संशोधकाने घडवलेली म्हणून सांगितलेली वस्तू निवडण्याकडे लोकांचा कल अडीचपट अधिक असतो, आणि संशोधक दुभाष्यासह आलेला परदेशी असेल, तर तो पाचपट होतो. पाहुण्याला न दुखवण्याची आपली रीत आणि अधिकारी माणसाविषयीचा संकोच या दोहोंची येथे गाठ पडते. म्हणून ‘आवडले का?’ या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबण्यापेक्षा हातांची हालचाल पाहणे अधिक विश्वसनीय. स्कँडिनेव्हियातील संशोधकांनी आणखी पुढचे पाऊल टाकले : १९८१ साली सुरू झालेल्या ‘यूटोपिया’ प्रकल्पात त्यांनी छापखान्यातील कामगारांना साक्षीदार न मानता सहकारी रचनाकार मानले, आणि पुठ्ठ्याचे संगणक करून त्यांच्यासह भावी कामाची आखणी केली. कामाचे ज्ञान काम करणाऱ्यापाशी असते, आणि त्या ज्ञानाला मसलतीत हक्काचे आसन असावे, ही त्यामागील लोकशाही भूमिका होती.

लोकशाहीशी या विषयाचा संबंध किती निकटचा आहे, हे २००० साली अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीने दाखवले. फ्लोरिडातील पाम बीच परगण्यात वृद्ध मतदारांना अक्षरे मोठी दिसावीत या सद्हेतूने उमेदवारांची नावे दोन समोरासमोरच्या पानांवर विभागली आणि मत देण्यासाठी पाडायची छिद्रे मध्ये एकाच रांगेत ठेवली. परिणामी डावीकडील दुसऱ्या नावाचे, म्हणजे अल गोर यांचे, छिद्र तिसरे होते, आणि दुसरे छिद्र उजवीकडील पॅट ब्युकॅनन यांचे होते. ब्युकॅनन यांना तेथे अनपेक्षितपणे तीन हजार चारशेंहून अधिक मते पडली. राज्यशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार त्यांतील दोन हजारांहून अधिक मते गोर यांना द्यावयाची होती. आणि साऱ्या राज्याचा, म्हणून राष्ट्राचा, निकाल गोर यांच्या विरुद्ध ५३७ मतांनी लागला. हेतू निर्मळ असून भागत नाही. छपाईपूर्वी मूठभर वृद्धांच्या हाती ती पत्रिका देऊन पाहिली असती, तर हा घोटाळा उघड होण्यास वाव मिळाला असता.

मराठीच्या संदर्भात या शास्त्राचे एक फळ येथे नोंदवण्याजोगे आहे. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ हा मोबाइलसाठीचा कळफलक घडवला. इंग्रजी कळांच्या क्रमावर देवनागरी लादण्याऐवजी त्यांनी शाळेत पाठ झालेला वर्णमालेचा क्रम घेतला, आणि व्यंजनावर बोट ठेवताच त्याची बाराखडी चक्राकार उमलावी अशी योजना केली. म्हणजे वापरणाऱ्याच्या मनात जे ज्ञान आधीच आहे, त्याच्याकडे यंत्र चालत आले. शिवाय ही रचना चांगली आहे असे नुसते न म्हणता, तिची इतर कळफलकांशी तुलना करण्यासाठी लोकांकडून मराठी टंकलेखन करवून वेग आणि चुका मोजण्यात आल्या. आपल्या भाषेसाठी आपल्या माणसांवर केलेली अशी कामे अजून थोडी आहेत, ही खेदाची गोष्ट होय.

महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने नागरिकास मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला आहे. पण अर्जाचा पडदाच त्याला उमगला नाही, तर तो हक्क उंबरठ्याबाहेरच राहतो. म्हणून शासकीय कार्यालये, बँका आणि विद्यापीठे यांना आग्रहाची विनंती अशी की, संगणकीय कामाच्या प्रत्येक निविदेत एक कलम मुक्रर करावे : ज्यांच्यासाठी ही सेवा आहे, अशा मराठी माणसांकडून ती वापरवून घेतल्याखेरीज आणि आढळलेले दोष काढल्याखेरीज अंतिम देयक मंजूर होणार नाही. आणि वाचकांना सांगणे एवढेच की, पुढच्या वेळी एखाद्या पडद्यावर आपण अडखळलात, तर ‘मला हे जमत नाही’ असे म्हणून स्वतःला दोष देऊ नका. कोठे अडलात आणि काय अपेक्षित होते, हे दोन ओळींत लिहून ती सेवा देणाऱ्याकडे पाठवा, कारण त्या रचनेविषयीची सर्वांत मोलाची साक्ष तुमच्यापाशी आहे.