छातीत डिफिब्रिलेटर बसवायचा म्हणजे…

अँजिओप्लास्टी होऊन चार महिने झालेले असतात. धाप लागत नाही, गोळ्या वेळेवर चालू आहेत, घरचेही निर्धास्त झालेत. तेवढ्यात टूडी इकोचा नवा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणतात, ‘‘पंपिंग तीसच्या वर सरकत नाहीये. आयसीडी बसवून घ्या.’’ पेशंट बुचकळ्यात पडतो. त्रास तर काही नाही, मग पुन्हा छातीला हात कशाला लावायचा? आणि त्यासाठी काही लाख रुपये?

प्रश्न रास्त आहे, कारण ज्याच्या छातीत आयसीडी, म्हणजे हा डिफिब्रिलेटर, बसतो त्याला दुसऱ्या दिवशी काहीच बरं वाटत नाही. साधा आयसीडी ब्लॉकेज उघडत नाही, थकवा घालवत नाही, पंपिंग वाढवत नाही. त्याचं काम एकच. हृदयाच्या खालच्या कप्प्यांची लय इतकी बिघडली की हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसतं थरथरू लागतं, तेव्हा काही सेकंदांत विजेचा शॉक देऊन लय पूर्ववत करायची. अशा थरथरण्यात रक्त पुढे ढकललंच जात नाही. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो आणि रुग्णवाहिका येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

कोणाला लागतो?

हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण उरतो आणि विजेचे संदेश त्याच्याभोवती भरकटू शकतात. निरोगी हृदयाचं पंपिंग, म्हणजे ‘ईएफ’, साधारण ५५ ते ७० टक्के असतं. योग्य औषधं पुरेसा काळ घेऊनही ते ३५ टक्के किंवा त्याखाली राहिलं, तर आयसीडीचा विचार होतो. झटक्यानंतर किमान ४० दिवस आणि अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर सहसा तीन महिने थांबतात, कारण पुष्कळांचं पंपिंग तोवर सुधारतं. हृदय एकदा बंद पडून वाचलेले, स्नायू जन्मजात कारणाने जाड झालेले किंवा लयीचा आनुवंशिक दोष असलेले लोक यांचा हिशेब वेगळा. त्यांच्यात अगदी तरुण मुलंही असतात.

डिफिब्रिलेटर शरीराच्या आतच बसवायचा, ही कल्पना मिशेल मिरोव्स्की या डॉक्टरची. वॉर्सात जन्मलेल्या मिरोव्स्की यांचे इस्रायलमधले ज्येष्ठ सहकारी हॅरी हेलर १९६६ मध्ये लय बिघडूनच गेले. त्यानंतर मिरोव्स्की यांनी बाल्टिमोरला मॉर्टन मॉवर यांच्यासोबत हे यंत्र घडवलं. नावाजलेल्या हृदयतज्ज्ञांनी तेव्हा त्यावर कडक टीका केली होती. ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिला आयसीडी माणसाच्या शरीरात बसला. तेव्हा छाती उघडावी लागे आणि पाव किलोच्या आसपासचा डबा पोटात ठेवावा लागे. आजचं यंत्र तळहातात सहज मावतं.

कॅथ लॅबमध्ये

आदल्या रात्रीपासून उपाशी राहावं लागतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी कोणती कधी बंद करायची, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावं. भूल बहुतेक वेळा त्या जागेपुरती देतात, सोबत गुंगीचं औषध असतं. चेहऱ्याशेजारी हिरवं कापड लागतं आणि पलीकडचं बोलणं अर्धवट ऐकू येत राहतं. डाव्या कॉलरबोनखाली दीड-दोन इंचांचा छेद घेऊन कातडीखाली यंत्रापुरता खिसा करतात. दुखत नाही, पण दाबल्या-ढकलल्यासारखं चांगलंच जाणवतं. तिथल्या शिरेतून एक तार एक्स-रेच्या पडद्यावर बघत उजव्या खालच्या कप्प्यापर्यंत नेऊन आत पक्की करतात. गरजेप्रमाणे आणखी एखादी तार घालतात. मधेच ‘‘जोरात खोका’’ असं सांगतात; तार सुटत नाही ना, हे त्यातून कळतं. सगळं एक ते दोन तासांचं काम.

काही जणांना तार शिरेतून न नेता, यंत्र काखेखाली आणि तार कातडीखालूनच ठेवणारा आयसीडीही चालतो. महिलांनी जागा ठरण्याआधीच पर्स आणि अंतर्वस्त्राचा पट्टा कुठे टेकतो ते सांगावं. लाजण्याचं त्यात काही नाही.

धोके कमी, पण आहेत: खिशात रक्त साठणं, जंतुसंसर्ग, फुप्फुसाला टोचून हवा बाहेर येणं, तार जागेवरून सरकणं. म्हणूनच घरी सोडण्याआधी एक्स-रे काढतात. बहुतेकांना एक-दोन दिवसांत घरी जाता येतं.

पहिला दीड महिना

तार आत घट्ट बसेपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे, डावं कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही. माळ्यावरचा डबा काढणं, दोरीवर कपडे वाळत घालणं, लोकलची कडी धरणं, बनियन डोक्यावरून ओढून काढणं हे सगळं बंद. पण हात गळ्यात बांधून बसणंही चूक, खांदा आखडतो. खांद्याखालच्या हालचाली चालू ठेवायच्या.

जखम लाल झाली, फुगली, पाझरू लागली किंवा ताप आला तर जिथे यंत्र बसवलं तिथेच जायचं. फुगवट्यात सुई घालून पाणी काढण्याचा प्रयोग कुणालाही करू द्यायचा नाही. त्यातून जंतू आत जातात आणि मग अख्खं यंत्र तारांसकट काढायची वेळ येते.

शॉक बसतो तेव्हा

खरी धास्ती याचीच असते. घडतं ते असं: ठोके ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेले की यंत्र काही क्षण खात्री करून घेतं. शक्य असेल तर आधी हृदयाला भराभर सूक्ष्म संदेश देऊन लय ताळ्यावर आणायचा प्रयत्न करतं. त्यात दुखत नाही, पुष्कळदा कळतही नाही. तेवढ्याने भागलं नाही तर यंत्र चार्ज होतं आणि साधारण ३० ते ४० ज्यूलचा शॉक देतं. माणूस तोवर बेशुद्ध झाला असेल तर त्याला काही जाणवत नाही. शुद्धीत असेल, तर छातीवर आतून कुणीतरी लाथ घातल्यासारखं वाटतं आणि क्षणात संपतं. शेजारी हात धरून बसलेल्याला फार तर झिणझिण्या येतील, इजा होत नाही.

नियम घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ हवा. एक शॉक बसला आणि नंतर बरं वाटतंय, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. दिवसात दोन किंवा अधिक शॉक बसले, अथवा एकानंतरही चक्कर, छातीत दुखणं किंवा धाप राहिली, तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय. माणूस शुद्धीवर येत नसेल तर छाती दाबायला लागायचं. यंत्र आहे म्हणून थांबायचं नाही.

कधी कधी गरज नसतानाही शॉक बसतो. वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके वाढतात किंवा तारेत दोष येतो आणि यंत्राची फसगत होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅडिट-आरआयटी या चाचणीत दिसलं, की यंत्राला जरा उशिरा किंवा जास्त वेगावरच शॉक द्यायला शिकवलं तर असे फुकटचे उपचार कमी होतात. ‘‘माझं सेटिंग किती ठोक्यांवर आहे?’’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

शॉक खाल्लेला माणूस पुष्कळदा ज्या जागी तो बसला ती जागाच टाळू लागतो. फिरणं सुटतं, एकट्याने अंघोळ करायची भीती वाटते. हेही डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे. समुपदेशनाने फरक पडतो. डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्टियन एरिक्सन १२ जून २०२१ रोजी भर सामन्यात कोसळला. त्याला आयसीडी बसवला, पण तो ज्या इटलीत क्लबकडून खेळायचा तिथल्या नियमांमुळे आयसीडी घेऊन खेळता येईना. तो इंग्लंडमध्ये खेळू लागला आणि २०२२ च्या विश्वचषकातही उतरला. प्रत्येकाने फुटबॉल खेळावा असं नव्हे, पण घरातल्या माणसाला काचेचं भांडं समजू नये, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

घर, शेत, रस्ता

आपल्याकडे शर्टाचा खिसा डाव्या बाजूला, नेमका यंत्रावर असतो. मोबाइल तिथे ठेवायची सवय मोडायची. यंत्रापासून १५ सेंटिमीटर लांब आणि उजव्या कानाला. मायक्रोवेव्ह, मिक्सर, टीव्ही चालतात. इंडक्शन शेगडीपासून दोन फुटांवर उभं राहावं. वॉशिंग मशीन, गिझर, विहिरीवरची मोटर यांचं अर्थिंग मात्र वायरमनकडून तपासून घ्या. गळणारा करंट यंत्राला हृदयाची बिघडलेली लय वाटू शकतो. झटका मशीन लावलेल्या कुंपणाला हात नको, वेल्डिंगचं काम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मंदिरातल्या किंवा मॉलमधल्या मेटल डिटेक्टरमधून न रेंगाळता चालत जावं, यंत्रासोबत मिळालेलं ओळखीचं कार्ड दाखवावं.

ते कार्ड कायम जवळ हवं. एमआरआय, कोणतीही शस्त्रक्रिया, फिजिओथेरपीची शेक देणारी यंत्रं, या सगळ्याआधी ते दाखवायचं. गाडी पुन्हा कधी चालवायची हे डॉक्टर ठरवतील. शॉक बसून गेला असेल तर काही महिने थांबावं लागतं. धंद्याने ड्रायव्हर असलेल्याने हा विषय शस्त्रक्रियेआधीच काढावा.

बॅटरी साधारण सात ते दहा वर्षं टिकते. ती संपत आली की तारा चांगल्या असल्यास फक्त यंत्र बदलतात. म्हणजे हा एकदाचा खर्च नाही. विमा किंवा सरकारी योजना यात काय देते, हे पहिल्याच वेळी विचारून ठेवावं.

आणखी एक बोलणं

आयसीडीचा शॉक शस्त्रक्रियेविना, बाहेरून बंद करता येतो. पुढे कधी कॅन्सर किंवा दुसरा असाध्य आजार शेवटाला आला, तर मरणाऱ्या माणसाला शॉक बसत राहू नयेत म्हणून तो बंद करून घेता येतो. त्याने मृत्यू ओढवत नाही. अंत्यसंस्काराआधी यंत्र काढावंच लागतं, कारण चितेत किंवा विद्युतदाहिनीत बॅटरीचा स्फोट होतो. घरच्यांना हे ठाऊक नसतं आणि त्या घाईत कुणाला सुचतही नाही. संमतीपत्रावर सही करताना सगळे एकत्र बसलेले असतातच. यंत्र किती ठोक्यांवर चालेल, बदलायला किती लागतील, या प्रश्नांबरोबरच ते बंद कधी करायचं हाही प्रश्न तेव्हाच विचारून घ्यावा. डॉक्टरला त्यात अभद्र काही वाटत नाही.