राजकीय भ्रमनिरास

राजकीय भ्रमनिरास : शासनसंस्थेविषयी जनतेने बाळगलेल्या अपेक्षा आणि तिचा प्रत्यक्ष कारभार यांत दीर्घकाळ अंतर पडत गेल्यामुळे नागरिकांच्या मनात निर्माण होणारी अविश्वासाची व उदासीनतेची अवस्था. एखाद्या पक्षाच्या वा मंत्रिमंडळाच्या धोरणास होणारा विरोध आणि राजकीय भ्रमनिरास यांत भेद आहे. विरोधकास सत्तांतरानंतर कारभार सुधारेल, अशी आशा असते; भ्रमनिरास झालेल्या नागरिकाची ती आशाच मावळलेली असते. शासनसंस्था मुळातच अनावश्यक आहे, असे मानणारा अराज्यवादही याहून निराळा होय. ज्याने शासनाकडून काही अपेक्षिलेच नाही, त्याचा भ्रमनिरास होऊ शकत नाही. म्हणून या अवस्थेचा विचार शासनाचे प्रयोजन कोणते, या राज्यशास्त्रातील मूलभूत प्रश्नापासून वेगळा करता येत नाही.

शासनाचे प्रयोजन : व्यक्तीचे जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता यांच्या रक्षणासाठी लोकांनी आपल्या संमतीने शासन स्थापन केले आहे, असे प्रतिपादन इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक (१६३२–१७०४) याने केले. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात हाच विचार राष्ट्रीय सिद्धांत म्हणून मांडला गेला. माणसाचे हक्क सुरक्षित राखणे हे शासनाचे कार्य असून त्याची सत्ता शासितांच्या संमतीतून येते आणि या कार्यास घातक ठरलेले शासन बदलण्याचा अधिकार जनतेस आहे, असे त्यात म्हटले आहे. १७८७ मध्ये तयार झालेल्या संविधानाच्या उद्देशिकेत न्याय, अंतर्गत शांतता, संरक्षण व सार्वजनिक कल्याण यांचा निर्देश आहे. या दोन दस्तऐवजांतून अमेरिकेत दोन विचारप्रवाह उद्भवले. शासनाने हक्कांचे रक्षण करून बाकी सर्व व्यवहार नागरिकांवर सोपवावा, असे एक प्रवाह मानतो, तर सार्वजनिक कल्याण हे शासनाचे प्रत्यक्ष कर्तव्य आहे, असे दुसरा मानतो.

भारतीय संविधानाने दुसरा मार्ग पत्करला. त्याच्या चौथ्या भागातील मार्गदर्शक तत्त्वांत उपजीविकेची पुरेशी साधने, काम, शिक्षण इत्यादींची तरतूद करण्याची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे. तथापि ही तत्त्वे न्यायालयामार्फत अंमलात आणता येणार नाहीत, असेही अनुच्छेद ३७ मध्ये स्पष्ट केले आहे. प्रयोजन लिखित, परंतु त्याची मागणी करण्याचे साधन मात्र नाही, या स्थितीत भ्रमनिरासाचे बीज असते.

अमेरिकेतील अनुभव : १९२९ नंतरच्या महामंदीत फ्रँक्लिन डी. रूझवेल्ट (कार. १९३३–४५) यांच्या ‘न्यू डील’ कार्यक्रमामुळे संघशासन हे रोजगार व सामाजिक सुरक्षितता देणारी संस्था म्हणून लोकांसमोर आले. लिंडन जॉन्सन (कार. १९६३–६९) यांनी दारिद्र्यनिर्मूलन, वृद्धांसाठी वैद्यकीय साहाय्य आणि कृष्णवर्णीयांचे नागरी हक्क यांविषयीचे कायदे करून ही कल्पना पुढे नेली. वॉशिंग्टनमधील शासन बहुतेक वेळा योग्य तेच करील, असे मानणाऱ्यांचे प्रमाण १९५८ मधील जनमत-पाहणीत सु. ७३ टक्के होते. १९६४ मध्ये ते सु. ७७ टक्क्यांवर गेले.

यानंतरच्या दहा वर्षांत हे चित्र पालटले. व्हिएटनाम युद्धाविषयी शासनाने जनतेस पूर्ण सत्य सांगितले नव्हते, हे १९७१ मध्ये वृत्तपत्रांनी प्रसिद्ध केलेल्या संरक्षण खात्याच्या गोपनीय कागदपत्रांवरून उघड झाले. वॉटरगेट प्रकरणी ९ ऑगस्ट १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना पदत्याग करावा लागला. त्या वर्षी वरील प्रमाण सु. ३६ टक्के आणि १९८० च्या सुमारास एक चतुर्थांशाच्या आसपास उतरले. जुलै १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील भाषणात राष्ट्राचा आत्मविश्वास ढळल्याचे मान्य केले. जानेवारी १९८१ मध्ये त्यांच्यानंतर आलेल्या रॉनल्ड रेगन यांनी तत्कालीन आर्थिक संकटात शासन हाच प्रश्न आहे, असे उद्घाटनपर भाषणात सांगितले. कार्यात कमी पडलेल्या शासनाचे प्रयोजनच आखूड करावे, असा निष्कर्ष अशा रीतीने भ्रमनिरासातून काढण्यात आला. २००७ नंतर विश्वासाचे हे प्रमाण सामान्यतः ३० टक्क्यांच्या वर गेलेले नाही.

मात्र अविश्वास वाढला म्हणजे मतदान घटतेच असे नाही. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत सु. दोनतृतीयांश पात्र मतदारांनी मतदान केले. हे प्रमाण शतकाहून अधिक काळातील सर्वाधिक होते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ६ जानेवारी २०२१ रोजी, निवडणुकीचा निकाल अमान्य असलेल्या जमावाने संसदगृहावर हल्ला केला. सत्ताधाऱ्यांविषयीचा अविश्वास सत्ता बदलण्याच्या साधनावरच उलटू शकतो, हे यावरून दिसून आले.

महाराष्ट्रातील विचार : अमेरिकेतील हक्कविचाराचा प्रभाव महाराष्ट्रावर लवकर पडला. टॉमस पेन (१७३७–१८०९) याच्या लेखनाने प्रभावित झालेले जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी गुलामगिरी (१८७३) हा आपला ग्रंथ निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांस अर्पण केला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी, सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या श्रमातून येत असता तो वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, अशी तक्रार मांडली. कर देणाऱ्यास मोबदल्यात काय मिळते, या कसोटीवर शासनाचे परीक्षण करण्याची ही दृष्टी होती.

कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात भावी भ्रमनिरासाचे निदान आधीच करून ठेवले होते. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत देश प्रवेश करीत असून ती लवकर दूर न झाल्यास विषमतेने पीडित झालेले लोक राजकीय लोकशाहीची इमारतच उद्ध्वस्त करतील, असा इशारा त्यांनी दिला. त्याच भाषणात व्यक्तिपूजेपासून सावध राहण्यासही त्यांनी सांगितले. एका पुरुषावर सर्व आशा केंद्रित झाल्या, की त्याच्या अपयशाबरोबर संस्थेवरील श्रद्धाही ढळते, हा धोका त्यांनी ओळखला होता.

खानदेशातील अनुभव : अपेक्षा, निराशा आणि त्यातून उद्भवणारी नवी मागणी यांचा क्रम खानदेशच्या इतिहासात विशेष स्पष्ट दिसतो. १८५२ मध्ये सावदा, रावेर, यावल या भागांतील शेतकऱ्यांनी नव्या महसूल मोजणीस सामुदायिक विरोध केला आणि तो मोडण्यासाठी सरकारला सैन्य आणावे लागले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापसाचा पुरवठा खंडित झाला आणि जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. युद्ध संपताच भाव कोसळून व्यापारी व शेतकरी दोघांनाही फटका बसला. दूरदेशीच्या घडामोडींनी उपजीविका हेलकावत असताना शासन मात्र सारा वसूल करण्यापुरतेच भेटते, असा शेतकऱ्याचा अनुभव होता.

शासनाच्या उपयुक्ततेचा अनुभव नागरिकास प्रथम स्थानिक पातळीवर येतो. जळगाव नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली. ब्रिटिश अमदानीत शहराबाहेरील मेहरूण तलावाचे पाणी नळाने जळगावात आणले जाई. कर आणि त्याचा मोबदला यांचा संबंध अशा कामात सामान्य माणसास डोळ्यांनी दिसतो. पुढे शहर विस्तारले, मेहरूण गाव त्यात सामावले गेले आणि पाण्यासाठी गिरणा व वाघूर या नद्यांवर विसंबावे लागले. २००३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. याच शहरात १९९० नंतरच्या दशकात गरिबांसाठी सु. ११ हजार घरकुले बांधण्याची नगरपालिकेची योजना कर्ज काढून हाती घेण्यात आली. तिच्यातील थोडीच घरे पुरी झाली. या योजनेतील गैरव्यवहाराबद्दल धुळे येथील विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी अनेक माजी नगरसेवकांसह आरोपींना दोषी ठरविले. या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले दाखल झाली. दूरच्या राजधानीतील गैरव्यवहारापेक्षा आपल्याच प्रभागातील अपुरी घरे नागरिकाचा विश्वास अधिक खोलवर ढासळवितात.

स्वराज्याविषयीच्या अपेक्षांना खानदेशात निश्चित रूप मिळाले ते डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिले अधिवेशन. १८५२ चा उठाव ज्या परिसरात झाला, त्याच परिसरात ते भरावे, हा योगायोग अर्थपूर्ण होता. सारा व खंड यांत सूट, न परवडणाऱ्या धारणक्षेत्रांना करमाफी, कर्जनिवारण, कुळांना जमिनीची शाश्वती व शेतमजुरांना निर्वाहास पुरेशी मजुरी, अशा मागण्यांचा शेतीविषयक कार्यक्रम तेथे संमत झाला. जुलै १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळ गंगाधर खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्याच्या कारकीर्दीत १९३९ मध्ये कुळकायदा व शेतकरी कर्जनिवारण कायदा संमत झाले. तथापि फैजपूरच्या कार्यक्रमाच्या मानाने ही वाटचाल मंद होती. अधिवेशनाच्या तयारीत हिरिरीने भाग घेणारे साने गुरुजी (१८९९–१९५०) यांनी १९३८ मध्ये अमळनेरहून काँग्रेस हे साप्ताहिक सुरू केले आणि स्वपक्षाचे मंत्रिमंडळ अधिकारावर असतानाही शेतकऱ्यांच्या व कामगारांच्या मागण्यांचा पाठपुरावा केला. निष्ठा आणि टीका एकाच व्यक्तीत नांदू शकतात, याचे हे उदाहरण होय.

स्वातंत्र्यानंतर तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहादा तालुक्यात (१९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात) भिल्ल आदिवासींच्या जमिनी कर्जापोटी व अन्य मार्गांनी इतरांच्या हाती गेल्या होत्या. कायदे असूनही त्यांचे संरक्षण झाले नव्हते. १९७१ मधील पाटीलवाडी येथील गोळीबारानंतर असंतोष तीव्र झाला. अंबरसिंग सुरतवंती आणि सर्वोदयी व अन्य तरुण कार्यकर्ते यांच्या प्रयत्नांतून १९७२ मध्ये शहादा येथे भूमुक्ती मेळावा भरला व श्रमिक संघटना उभी राहिली. आदिवासींच्या जमिनी परत करण्याविषयीचे राज्य कायदे १९७४-७५ मध्ये अंमलात आले. शासनाविषयी निराश झालेल्या लोकांनी शासनाकडे पाठ फिरविली नाही; त्याच्याच कायद्यांच्या अंमलबजावणीची मागणी केली, हे या चळवळीचे वैशिष्ट्य होय.

रोजगार हमी व माहितीचा अधिकार : १९७०–७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लक्षावधी लोक दुष्काळी कामांवर होते. वि. स. पागे यांनी आधीच मांडलेल्या कल्पनेच्या आधारे रोजगार हमी योजना या काळात राज्यभर राबविण्यात आली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला. १९७७ मध्ये संमत झालेला रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास किमान एक रुपया दैनिक बेकारभत्ता देण्याची तरतूद त्यात होती. रक्कम अल्प असली, तरी तत्त्व महत्त्वाचे होते. कामाची याचना करणारा मजूर या कायद्याने हक्कदार झाला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने हे तत्त्व देशभर नेले. अंमलबजावणीत विलंब, खोटे हजेरीपट इ. दोष आढळले; परंतु ते दोष म्हणून दाखविता येण्यास कायद्यातील हक्कच कारण झाला.

माहितीच्या अधिकाराचा मार्गही असाच आहे. अमेरिकेने १९६६ मध्ये केलेला माहिती-स्वातंत्र्याचा कायदा वॉटरगेटनंतर, १९७४ मध्ये, अधिक कडक केला. महाराष्ट्रात अण्णा हजारे प्रभृतींच्या आंदोलनांनंतर २००२ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा लागू झाला आणि २००५ मध्ये केंद्रीय कायदा आला.

परिणाम व मूल्यमापन : राजकीय भ्रमनिरासाचे परिणाम एकसारखे नसतात. उदासीनता, व्यक्तिपूजा, शासनाचे प्रयोजनच नाकारणे, संस्थांवरील हल्ले आणि सुधारणेची चळवळ, असे त्याचे विविध मार्ग संभवतात. जून १९७५ मध्ये पुकारलेल्या अंतर्गत आणीबाणीनंतर १९७७ मध्ये भारतीय मतदारांनी सत्तांतर घडविले. जनता पक्षाचे मंत्रिमंडळ अंतर्गत कलहामुळे १९७९ मध्ये कोसळले आणि १९८० मध्ये त्याच मतदारांनी पुन्हा इंदिरा गांधींच्या पक्षास सत्ता दिली. सत्तांतराने शासक बदलतात, पण प्रयोजन आणि कारभार यांतील अंतर आपोआप भरून येत नाही. २०१३ पासून मतदानयंत्रावर उपलब्ध झालेला ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय नापसंती नोंदवितो. पुढील उपाय तो सुचवीत नाही.

भ्रमनिरासाची तीव्रता काही अंशी लोकांच्या जागृतीचेही निदर्शक असते. दुष्काळ ही दैवी आपत्ती आहे, असे मानणारा शेतकरी शासनावर रागावत नाही. तिचे निवारण शासनाचे कर्तव्य आहे, हे उमगल्यावरच तो रागावतो. शासनाचे प्रयोजन उदात्त शब्दांत घोषित करून ही जाणीव शमत नाही. त्या प्रयोजनातील निदान काही अंश, उदा., काम, जमीन, पाणी वा माहिती, नागरिकास ठराविक मुदतीत आणि ठराविक कचेरीत मागता येतील अशा हक्कांत जेथे रूपांतरित झाले, तेथे निराशेला विधायक वळण लागलेले दिसते. जेथे तसे झाले नाही, तेथे तीच निराशा उदासीनतेकडे किंवा व्यक्तिपूजेकडे वळली. त्यामुळे लोकशाहीत भ्रमनिरासाचे मोजमाप करताना जनतेचा शासनावर किती विश्वास आहे, याबरोबरच तो ढळला असता तिच्या हाती कोणते साधन उरते, याचाही विचार करणे आवश्यक ठरते.